हळदीच्या पेवातली व्हॅम्पायर: नायिकेला भूक द्यावी की सूड?

पेवकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एक कादंबरी लिहिते आहे आणि मधोमध अडले आहे, म्हणून हा धागा.

व्हॅम्पायरची जुनी दंतकथा मी सांगलीजवळच्या हरिपुरात आणली आहे. काळ १८९७-९८, प्लेगचा. नायिका म्हाळसा, वय सतरा. साठी उलटलेल्या सावकाराची तिसरी बायको आणि वर्षाच्या आत विधवा. गाव घरांना कुलपं लावून माळावर झोपड्या टाकून राहायला गेलंय. ही तापाने फणफणत वाड्यातच मागे राहते. मेली असं समजून दोन भाडोत्री माणसं तिला हळदीच्या पेवात सोडतात, तोंडावर दगड ठेवून माती लिंपतात आणि जातात. मग ती आत जागी होते.

सांगली-मिरजेबाहेरच्यांसाठी सांगते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद, पोट मोठं. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. जिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही ती बाई हळदीत झोपते आणि रात्री उठते, या एका चित्रावरून मला कादंबरी सुचली.

हस्तलिखित वाचलेल्या मैत्रिणी म्हणतात, तिने फक्त दुष्टांचं रक्त प्यावं. तिला विकणारा मामा, इस्टेटीसाठी टपलेला दीर, असे. मला ते पटत नाही. मला तिला खरी भूक द्यायची आहे, समोरचा चांगला की वाईट हे न बघणारी. पण मग वाचक तिच्या बाजूने राहील का? नायिका म्हणून ती टिकेल का?

कृष्णाकाठ

सूडच हवा. हरिपूर नाटककार देवलांचं गाव आहे हे विसरू नका. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्यावर त्यांनी १८९९ साली 'शारदा' रंगभूमीवर आणलं, म्हणजे तुमच्या कथेनंतर वर्षा-दोन वर्षांत. नाटकातली शारदा त्या लग्नातून वाचते. खऱ्या आयुष्यात किती वाचल्या? ज्या नाही वाचल्या त्यांच्या वतीने एकीने तरी दात लावावेत. मामापासून सुरुवात करा.

भडंगप्रेमी

वाचतोय. रात्री अकरानंतर वाचणार नाही.

जुनी_वही

माझं मत पेवकाठ यांच्या बाजूने, आणि कारण दंतकथेतच आहे.

आपल्या डोक्यात व्हॅम्पायर म्हटलं की काळा झगा, किल्ला आणि सरदार येतो. लोककथेतला व्हॅम्पायर साधा शेतकरी होता. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा माणूस वारला. त्यानंतर आठवड्याभरात गावातली नऊ माणसं गेली. मरताना ती सांगत होती की पेटार येऊन छातीवर बसला, गळा दाबला. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे अधिकाऱ्याने लिहिलेला अहवालच उपलब्ध आहे. प्रेत उकरलं, छातीत खुंट मारला आणि जाळलं. त्या अहवालातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पेटार मेल्यावर बायकोकडे आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या. ती बाई गाव सोडून गेली.

म्हणजे मूळ कथेतला व्हॅम्पायर शत्रूला शोधत हिंडत नाही, तो घरी परत येतो. ज्यांच्याबरोबर जेवला त्यांच्याच उशाशी उभा राहतो. भीती तिथे आहे. म्हाळसा फक्त मामा आणि दीर यांनाच गाठत असेल तर ती रात्रीची फौजदार झाली. व्हॅम्पायर नाही झाली.

आणि नायिका बाई असणं हे दंतकथेला नवं नाही. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाचं 'ड्रॅक्युला' १८९७ चं. त्याआधी पंचवीस वर्षं, १८७२ साली, आयर्लंडच्याच ल फानूची 'कार्मिला' आली होती. तिच्यात रक्त पिणारी तरुण मुलगी आहे, आणि ती जिचं रक्त पिते तिच्यावर तिचा जीवही जडलेला आहे. भूक आणि माया एकाच जागी. तुमच्या म्हाळसेला हेच लागेल.

माहुलीकर

मी साताऱ्याचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावात वाढलो, त्यामुळे जरा वेगळं बोलणार आहे. राग मानू नका.

भुताच्या कथेला माझा विरोध नाही. पण तुम्ही निवडलेली बाई बघा. विधवेला आपल्याकडे काय म्हणायचे? 'नवऱ्याला खाल्लं.' 'पांढऱ्या पायाची.' शतकानुशतकं हा आरोप झाला, आणि आता तुम्ही कादंबरीत तिला खरोखरच माणसं खायला लावताय. म्हणजे आरोप खरा होता असं झालं. अंगात आलं, बाधा झाली म्हणून आजही बायकांना मांत्रिकाकडे नेऊन मारतात. २०१३ साली डॉक्टरांच्या खुनानंतर राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो काही हौस म्हणून नाही.

सूड असेल तर निदान ती निर्दोष राहते. निरपराध माणसांवर भूक भागवणाऱ्या विधवेबद्दल माझ्याने वाचवणार नाही.

पेवकाठ

माहुलीकर, राग कसला. 'नवऱ्याला खाल्लं' हे वाक्य पहिल्याच प्रकरणात आहे, तिची जाऊ म्हणते. म्हातारा दम्याने गेलेला असतो. ती हे वाक्य ऐकत राहते आणि पेवात जाग आल्यावर पहिल्यांदा भूक लागते तेव्हा तिला तेच आठवतं. आरोप आधी आणि भूक नंतर, हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. पण तुम्ही म्हणता ती भीती मलाही आहे. म्हणूनच विचारलं.

मिरजेची_डॉक्टर

थोडं वैद्यकीय, कारण कथेला उपयोग होईल.

जुन्या अहवालांत 'प्रेत ताजं होतं, ओठांवर रक्त होतं, नखं वाढली होती' असं येतं. मातीत पुरलेला देह कुजताना आत वायू साठतो, पोट फुगतं, त्या दाबाने लालसर काळा द्रव तोंडानाकावाटे बाहेर येतो. कातडी आकसते म्हणून नखं लांब दिसतात. थंडीत हे सगळं सावकाश होतं. लोक खोटं बोलत नव्हते, दिसलेल्याचा अर्थ चुकीचा लावत होते.

दुसरं, क्षय. एका घरात एक गेला की पाठोपाठ दुसरा खंगतो, पांढरा पडतो, खोकताना रक्त पडतं. कुणीतरी रात्री येऊन रक्त पितंय असंच वाटणार. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्झेटर गावी १८९२ साली मर्सी ब्राऊन नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं प्रेत याच संशयाने उकरलं. तिचं काळीज जाळून राख तिच्या आजारी भावाला पाजली. तरीही तो गेला. कॉखने क्षयाचा जंतू शोधून तेव्हा दहा वर्षं झाली होती.

आमच्या मिरजेत डॉ. वानलेस यांचं इस्पितळ १८९४ पासून आहे. म्हणजे म्हाळसेच्या काळात हरिपुराहून बैलगाडीच्या टप्प्यात एक शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. गावात माणसं पांढरी पडून मरायला लागली तर कुणीतरी मिरजेला जाईलच. हे पात्र वापरा, भूत आणि रोग यांच्यातली ओढाताण मिळेल.

कृष्णाकाठ

डॉक्टर, पण मग भूतच राहत नाही की हो! सगळं क्षयावर गेलं.

मिरजेची_डॉक्टर

राहतं. डॉक्टरला क्षय दिसेल, गावाला प्लेग दिसेल, आणि वाचकाला एकट्यालाच माहीत असेल की पेवाचा दगड सरकलाय.

हळदव्यापारी

ताई, पेवाचं मी सांगतो. आमच्या घरची पेवं हुती. नुसता दगड ठिवून माती लिंपली असं लिवलंय, ते बरोबर हाय, पण आतलं महत्त्वाचं ऱ्हायलं. पेव उघडलं की लगीच कुणी आत उतरत न्हाई. आत हवा नसती. तोंड उघडून तसंच ठिवायचं, मग कंदील सोडायचा दोरीनं. कंदील जळत ऱ्हायला तर माणूस उतरणार, इझला तर मागं सरायचं. जुन्या लोकांची ही परीक्षा.

तुमची बाई श्वासच घेत नसंल तर ती जिथं दिवा जळत न्हाई तिथं सुखानं ऱ्हाईल. आन् गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या हमालाला कळंल, की ह्या पेवात कंदील दर खेपंला का इझतोय.

२००५ च्या पुरात पाणी शिरलं, लई पेवं गेली. आता समदा माल गोदामात न्हाईतर कोल्ड स्टोरेजला. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पर पोरांनी पेव आतनं बघितलंच न्हाई. म्हणून म्हणतो, नीट लिवा. ऱ्हाईल तरी.

जुनी_वही

हळदव्यापारी, कंदिलाची गोष्ट अख्ख्या धाग्यातली सर्वात भीतिदायक आहे.

अजिंक्यतारा

एक प्रामाणिक प्रश्न. हरिपूरच का? साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर आहे. अठराव्या शतकातली, वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, पोटात चक्क महाल असलेली. जमिनीखाली महाल आणि त्यात रात्री जागणारी राणी! याहून चांगली व्हॅम्पायरची जागा जगात नसेल.

भडंगप्रेमी

झालं, सातारा-सांगली सुरू.

कृष्णाकाठ

अजिंक्यतारा, १९६० पर्यंत आमच्या जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं. त्यामुळे व्हॅम्पायर कुठेही ठेवली तरी तुमच्या नावावर मांडून घ्या, आमची हरकत नाही.

पेवकाठ

विहीर बघितली आहे, अप्रतिम आहे. पण ती राणीची जागा. म्हाळसेला कुणी महाल दिलेला नाही, हळदीच्या खड्ड्यात टाकलंय. शिवाय सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. पुण्यात रँडच्या शिपायांनी घरोघर घुसून झडत्या घेतल्या तसा वरचा वरवंटा मला नको होता. इथे जे होतं ते गावातल्या गावात होतं.

रानवारा

तारखा बघताना अंगावर काटा आला. 'ड्रॅक्युला' १८९७ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालं. रँडवर गोळी झाडली २२ जून १८९७ ला. तिकडे लंडनमध्ये परक्या देशातून जहाजाने येणाऱ्या रोगट भीतीची कादंबरी, आणि इकडे खरोखरच बंदरातून आलेली साथ.

एक विचारायचं होतं. म्हाळसेला चावतं कोण? कुणी परदेशी सरदार आणणार असाल तर कृपया नको. मिरजेपर्यंत रेल्वे होती, पेटीतून कुणी आलं असं दाखवता येईल, पण मजा जाईल.

जुनी_वही

चावण्याची गरजच नाही. तो नियम पुढच्या पुस्तकांनी रूढ केला. स्लाव लोकांच्या गावांत माणूस व्हॅम्पायर व्हायला साधी कारणं पुरायची. अपमृत्यू आला, अंत्यविधी नीट झाला नाही, किंवा प्रेतावरून मांजर उडी मारून गेलं. म्हणून मयताशेजारी कुणीतरी जागत बसायचं. आपल्याकडेही प्रेत एकटं ठेवत नाहीत, उशाशी दिवा असतो.

म्हाळसेजवळ कुणीच बसलं नव्हतं. प्लेगचं घर. तिच्या अंगावरून उंदीर जाऊ द्या. बस.

मिरजेची_डॉक्टर

उंदीर! प्लेगात आधी उंदीर मरून पडायचे, मग माणसं. हे इतकं चपखल आहे की आता दुसरं काही सुचवू नका कुणी.

रानवारा

आणि सूर्यप्रकाशात जळून राख होणं कृपया टाळा. तो सिनेमावाल्यांचा शोध, १९२२ च्या जर्मन मूकपटापासूनचा. स्टोकरचा काऊंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो, फक्त त्याची ताकद कमी असते. त्याचा शेवटही उन्हाने होत नाही, सुऱ्यांनी होतो. त्यातली एक चक्क आपल्याकडची कुकरी आहे. वाहतं पाणी मात्र त्याला आपल्या बळावर ओलांडता येत नाही, भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळीच जमतं. हा नियम हरिपुरात काय करेल याचा विचार करा. कृष्णा आणि वारणा, दोन्ही बाजूंनी पाणी. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा, म्हणजे तेव्हा पूलही नाही. श्रावणात संगमेश्वराची जत्रा भरली आहे, नदी दुथडी, आणि ती त्या तुकड्यात अडकली आहे.

माहुलीकर

हे सगळं छान चाललंय, पण माझ्या आक्षेपाला उत्तर आलं नाही.

वाईकरीण

माहुलीकरदादा, उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आमच्या वाई तालुक्यात मांढरदेवीची काळूबाई. देवीमाहात्म्यात रक्तबीजाची कथा आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा राक्षस उभा राहायचा, तेव्हा चामुंडा तोंड पसरून ते रक्त पिते. रक्त पिणाऱ्या बाईपुढे आपण नारळ फोडत आलो आहोत. म्हणजे रक्त पिणं हा कलंकच असतो असं नाही. देवी प्यायली की शक्ती आणि विधवा प्यायली की चेटकीण, हा भेद कुणी केला, ते कादंबरीने विचारावं.

आणि नाव फार विचार करून ठेवलंय असं दिसतं. कऱ्हाड तालुक्यात पालीला दर पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडाऱ्याने सगळं पिवळं होतं. त्या म्हाळसेवर हळद उधळतात, या म्हाळसेला हळदीत पुरलं.

माहुलीकर

पटतंय, पण अर्धंच. देवी राक्षसाचं रक्त पिते. शेजाऱ्याचं नाही. तुमचं उदाहरण सूडाच्या बाजूला जातं.

जुनी_वही

मुद्दा बरोबर आहे. पण एलिझाबेथ बाथरीचं बघा. हंगेरीतली ही बाई मुलींच्या रक्ताने अंघोळ करायची असं जगभर सांगतात. ती वारली १६१४ साली, आणि रक्तस्नानाची गोष्ट पहिल्यांदा छापली गेली १७२९ मध्ये. तिच्या वेळच्या साक्षींमध्ये मारहाणीचे भयंकर आरोप आहेत, पण अंघोळ नाही. तिच्यावर खटला चालवलाच नाही, किल्ल्यात कोंडून ठेवलं. ती निर्दोष होती असं मी म्हणत नाही. म्हणतो एवढंच, की बाईबद्दल रक्ताची दंतकथा रचताना लोकांना पुरावा लागत नाही. म्हाळसेच्या कादंबरीत दोन बाया असाव्यात: गावाच्या तोंडची आणि खरी. खरी जास्त भयंकर असली तरी चालेल, पण ती गावाने रचलेली नसावी.

निवडुंग

पुरण्यावरून एक. आपल्याकडे दहन असताना पुरलेली बाई कशी, हा प्रश्न येईल. काही समाजांत दफन आहे, संन्याशांना समाधी देतात. पण कृपया तिला एखाद्या दफन करणाऱ्या समाजाची दाखवून त्यांच्या स्मशानाला भुताटकी चिकटवू नका. साथीतली घाई हेच कारण ठेवा.

पेवकाठ

निवडुंग, हो, तेच ठेवलं आहे. जळण नाही, खांदेकरी नाहीत, हे कारण पुरेसं आहे.

ज्येष्ठा

बराच वेळ नुसती वाचत होते. मी स्वतः विधवा आहे, चौसष्ट वर्षांची, गाव कृष्णेकाठीच. त्यामुळे माहुलीकरांचा आक्षेप माझ्या वतीने आहे असं समजून बोलते.

मे २०२२ मध्ये शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. बातमी वाचली त्या दिवशी मी बराच वेळ पेपर हातात धरून बसले होते. माझ्या वेळी कुणी असा ठराव केला नव्हता. लग्नाच्या घरी हळद दळताना मी आपणहून मागच्या खोलीत जायचे. कुणी जा म्हणायचं नाही. मी जायचे.

आता तुमची म्हाळसा. सोसणाऱ्या, सोज्वळ, पांढऱ्या लुगड्यातल्या विधवा मी आयुष्यभर वाचल्या. मला त्यांचा कंटाळा आला आहे. सूड घेणारीही शेवटी दुसऱ्यांच्या पापाचाच हिशेब चुकता करत बसते, तिचं स्वतःचं काही नसतं. भूक तिची स्वतःची आहे. मला ती भुकेली हवी. गरम जेवण मागणारी, रात्री बाहेर पडणारी, आरशात बघावंसं वाटणारी. दिसत नसली तरी. ती कुणा निरपराध्याला मारेल तेव्हा मी रडेन, पण पुस्तक मिटणार नाही.

माहुलीकर

ज्येष्ठाताई, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. माझी एकच अट राहते. भुकेवर तिचा ताबा नसेल तर ती नुसती आपत्ती झाली, प्लेगसारखी. तिला भूक द्या, पण निवडही द्या. कधीतरी तिला थांबता आलं पाहिजे, आणि ती थांबली नाही तर तो तिचा निर्णय असला पाहिजे.

पेवकाठ

ज्येष्ठाताई, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला.

निवडीबद्दल. कथेत पाटलाची नऊ वर्षांची पोर आहे, ताई म्हणतात तिला. म्हाळसा आजारी असताना वाड्याच्या मागच्या दाराशी भाकरी ठेवून जाणारी ती एकटीच. शेवटाकडे म्हाळसा तिच्यापर्यंत पोचते. बाहेरून कुणी आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला घरात शिरता येत नाही, हा जुना नियम मी वापरला आहे. पोर झोपेत आहे, कुणी 'ये' म्हणत नाही, आणि म्हाळसा उंबऱ्यावर थांबते. तिथे प्रकरण संपतं. सूडवाल्यांनाही समाधान, भूकवाल्यांनाही, असं मला वाटत होतं.

कृष्णाकाठ

सुंदर. असंच ठेवा. मी सूडाचा हट्ट सोडतो.

जुनी_वही

मला नाही पटलं. तिथे तिला नियम थांबवतो, ती स्वतः थांबत नाही. माहुलीकरांनी मागितलेली निवड कुठे आहे यात? पेटारने वहाणा मागितल्या त्या बायकोकडे. प्रेम असतं तिथेच दार उघडं असतं. पोर जागी होऊ द्या, म्हाळसेला ओळखू द्या, आणि 'आत ये' म्हणू द्या. मग बघू ती काय करते.

ज्येष्ठा

हो. पोर भाकरी देणारीच आहे, ती बोलावणारच.

हळदव्यापारी

ताई, मधी बोलतो, माफ करा. पाटील प्लेगात माळावर ऱ्हायला गेलाय म्हणता. म्हंजे पोर झोपडीत. पाल्याच्या झोपडीला उंबरा कुठला? दारबी नसतंय, नुसता तट्ट्या आडवा लावत्यात. तुमच्या बाईला तितं आडवणारच कोण?

मिरजेची_डॉक्टर

अरे देवा.

माहुलीकर

हळदव्यापारी, तुम्ही माझा आक्षेपच निकालात काढला.

पेवकाठ

उंबरा नाही, म्हणजे नियम लागूच होत नाही. मग अडवायला म्हाळसेशिवाय तिथे कुणीच उरत नाही. झोपडीचं अख्खं प्रकरण नव्याने लिहायला घेते. पोर जागी होईल एवढं नक्की झालं. हळदव्यापारी, तट्ट्या आतून बांधायचे की बाहेरून, आणि रात्री सरकवला तर आवाज व्हायचा का, तेवढं घरच्या मोठ्यांना विचारून सांगाल?